कर्णिकांची निळी माणसं

मोरेश्वर कर्णिकांनी उभ्या आयुष्यात कुणाचं कौतुक केलं असेल, तर ते माझ्यामागे केलं असेल. माझ्यासमोर कधी केलं नाही. डहाणूला आम्ही बरीच वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. ते बांधकाम खात्यात ट्रेसर, मी पोस्टात कारकून. मी साधा कारकून आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते मला 'पोस्टमास्तर' म्हणत. खऱ्या पोस्टमास्तरांना ते 'रावबहादूर' म्हणत. दोघांचाही अपमान व्हायचा आणि दोघांनाही तक्रार करायला जागा नसायची.

ट्रेसरचं काम म्हणजे साहेबाने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर गिरवायचा, ते कापड मसाला लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायचं आणि कागद पाण्यात धुवायचा. कागद निळा होतो, रेघा पांढऱ्या उमटतात. तलासरीच्या रस्त्यावर ज्या मोऱ्या बांधल्या गेल्या त्या सगळ्या आधी कर्णिकांच्या हाताखाली अशा निळ्या झाल्या. "मोरी माझ्याकडे निळी असते," ते म्हणायचे, "कंत्राटदाराकडे काळी होते आणि पावसाळ्यात पारदर्शक."

हाच उद्योग ते रविवारी घरी करायचे, फक्त मोरीच्या जागी माणसं आणि झाडं यायची. त्यांच्याकडे एक जुना लाकडी, काचेच्या प्लेटीवर फोटो घेणारा कॅमेरा होता. फोटोची काच तयार झाली की चांगल्या जाड कागदावर स्वतः दोन क्षारांचा मसाला फासायचा, अंधारात वाळवायचा, त्यावर ती काच ठेवायची आणि अंगणात ऊन खायला घालायची. मग धुलाई. आमच्या आळीतलं पाणी मचूळ, त्यात निळा रंग फिका पडतो, म्हणून ते लांबच्या एका वाडीतल्या विहिरीवरून कावडीने गोडं पाणी आणवत. त्याच पाण्यात त्यांच्या घरी डाळ शिजली असती तर त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींनी देव पाण्यातून बाहेर काढले असते. पण ते पाणी चित्रांचं, डाळीचं नव्हे.

मसाला वाळवायच्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीला गोणपाट लागायचं. वहिनी भाकरी चाचपडत भाजायच्या. "भाऊजी," त्या मला भिंतीपलीकडून विचारायच्या, "बाहेर उजाडलंय का हो?" कर्णिकांची बोटं बारमाही निळी असत. नव्याने बदलून आलेल्या सरकारी डॉक्टरांनी ती बोटं पाहून त्यांना तातडीने आडवं पाडलं आणि छातीला नळी लावली. कर्णिक पडल्या पडल्या म्हणाले, "तपासा, तपासा. आत काही सापडलं तर बायकोला कळवा, ती बरेच दिवस शोधतेय."

या चित्रांचं ते काय करत? तर ती पोस्टाने पाठवत. कर्णिक धरून ठिकठिकाणचे सात हौशी लोक होते. कुणी निळी चित्रं करी, कुणी अंड्याच्या पांढऱ्यावर, कुणी डिंकात रंग कालवून. बाजारचा तयार कागद वापरायचा नाही, हा एकच धर्म. त्यांची एक चपटी लाकडी पेटी होती. ती गावोगाव फिरायची. पेटी आली की बाकीच्यांची चित्रं पाहायची, आपलं जुनं काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि आठवड्याभरात पुढच्या गावाला पाठवायची. दुसऱ्याच्या चित्राबद्दल काय वाटलं ते त्याला वेगळं कार्ड टाकून कळवायचं. सातांपैकी कुणीही कुणाला पाहिलेलं नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच ती मंडळी इतकी वर्षं टिकली.

यातली सगळ्यात कडू कार्डं सांगलीहून येत. लिहिणाऱ्याचं आडनाव गोडबोले. सांगलीला त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि ते आपली चित्रं तपकिरी करत. निळा रंग त्यांच्या लेखी धोब्याचा. आता कार्ड म्हणजे उघडा मजकूर. आम्ही पोस्टातले लोक दुसऱ्याचं टपाल वाचत नाही, असा नियम आहे. त्या नियमाचं पालन करून आम्ही चौघे कारकून दुपारच्या चहाला गोडबोल्यांचं कार्ड मोठ्याने वाचत असू.

"आपण पाठवलेली गाय पाहिली," एकदा त्यांनी लिहिलं. "शिंगांवरून गाय असावी."

कर्णिकांनी उलट लिहिलं, "आपलं तपकिरी देऊळ मिळालं. पेटीत काढा सांडला की काय म्हणून आधी वास घेतला."

हे वर्षानुवर्षं चाललं होतं. गोडबोल्यांचं कार्ड आलं नाही तर कर्णिक पोस्टाच्या खिडकीशी येऊन उगीच तिकिटांचे भाव विचारत.

मग एका हिवाळ्यात त्यांनी नारनचं चित्र केलं. नारन हा लखमीबाईचा एकुलता मुलगा. लखमीबाई आमच्या आळीत मासे घेऊन यायची. कर्णिकांचं आणि तिचं रोज भांडण व्हायचं. ते म्हणायचे, "हा बोंबील परवाचा आहे." ती म्हणायची, "भाय, परवाचा तू दिसते. बोंबील आजचा हाय." जिभेच्या बाबतीत डहाणूत त्यांच्या तोडीचं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते अंगठेबहाद्दर होतं.

नारन वीस-बावीसचा. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखाली तो जाळं शिवत बसला होता. कर्णिकांनी कॅमेरा लावला आणि त्याला म्हणाले, "हलू नकोस. हसूही नकोस, हसण्यासारखं काही नाही." त्यावर तो हसणारच. हसू ओठांवर आलेलं, पण दाबून धरलेलं, असा चेहरा काचेवर उतरला. ते चित्र मी सुकताना पाहिलं. मला ते फार आवडलं आणि मी तसं बोललो. कर्णिक म्हणाले, "मग काहीतरी चुकलं असणार."

चित्र पेटीत गेलं, पेटी फिरली आणि सांगलीचं कार्ड आलं.

"कोळ्याचं चित्र मिळालं. नाक सावलीत, डोळे मिटल्यासारखे, मागच्या काठ्या डोक्यातून उगवलेल्या. हे चित्र पेटीत ठेवण्याच्या लायकीचं नाही. काच जपू नये."

या कार्डावर आम्हीही हसलो नाही. कर्णिकांनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे." हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी जाऊन त्यांनी नारनची काच गरम पाण्यात सोडा घालून घासली. वरचा थर निघून गेला, काच स्वच्छ झाली, म्हणजे त्या चित्राची दुसरी प्रत आता निघणार नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीचं एक तावदान फुटलेलं होतं, तिथे ती बसवली. वहिनी म्हणाल्या, "चला, त्या सामानातलं एक तरी घराच्या कामी आलं."

पुढे पेटी डहाणूला परतली. त्यात नारनचं चित्र नव्हतं. कर्णिकांनी कुणालाही विचारलं नाही. "गोडबोल्यांनी कपाखाली ठेवलं असेल," म्हणाले, "तेवढ्या कामाला त्यांनी ते पसंत केलं, हेच खूप."

पावसाळा सरला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जाऊ लागल्या. एका दुपारी वारा अचानक फिरला. एक होडी उंबरगावच्या बाजूला फेकली गेली, त्यातले लोक वाचले. नारन ज्या होडीवर होता तिचं एक फळकूटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही.

लखमीबाई बरेच दिवस आळीत आली नाही. मग एका सकाळी आली, टोपली न घेता. ती कर्णिकांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी तिथेच होतो, वहिनींकडे विरजण मागायला गेलेला.

"भाय, तू नारनचा फोटू काढला होता."

"हो," कर्णिक म्हणाले.

"तो दे. दुसरा एक पण नाय माज्याकडे. कोण काढते फोटू?"

तिच्या समोरच ती खिडकी होती. त्या तावदानातून पलीकडचा शेवगा अगदी स्वच्छ दिसत होता. वहिनींनी एकदा तावदानाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. कर्णिक, जे कलेक्टरसमोरही मागे सरले नव्हते, ते तावदानाला पाठ लावून उभे राहिले.

"माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "बाहेरगावी आहे. मागवतो."

"येल ना?"

"मागवतो," ते पुन्हा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी सांगलीला जे कार्ड टाकलं ते मी वाचलं. नियमाप्रमाणेच. त्यात लिहिलं होतं, "कोळ्याच्या मुलाचं चित्र आपल्याकडे असल्यास कृपा करून पाठवावं. मुलगा समुद्रात गेला. त्याच्या आईला हवं आहे. काच मी पुसून टाकली." इतकंच. इतक्या वर्षांत त्यांनी गोडबोल्यांना 'कृपा करून' लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

उत्तर आलं नाही. लखमीबाई मात्र रोज येई. विचारत काहीच नसे. टोपली उतरवी, कर्णिकांकडे बघे, टोपली उचले. भांडणही करत नसे. कर्णिक सांगितला तो भाव देऊन शिळे बोंबील घेत आणि निमूट खात. कर्णिकांना असं मवाळ झालेलं पाहणं हे शेजाऱ्याला फार जड जातं. मी तर रोजच्या शिव्यांसाठी अक्षरशः झुरू लागलो.

आणि एका दुपारी स्टेशनावरून टांगा आला. त्यातून एक बुटके, काळी टोपी घातलेले गृहस्थ उतरले. छातीशी त्यांनी दोन फळ्या धरल्या होत्या, जुन्या लुगड्यात बांधलेल्या, तान्ह्या मुलासारख्या. "कर्णिक इथेच राहतात का?" त्यांनी मला विचारलं. "मी गोडबोले, सांगली. चित्र घेऊन आलोय. पोस्टाने पाठवणार होतो, पण पोस्टावर माझा काडीचा विश्वास नाही." मी पोस्टातला आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

हे दोघे समोरासमोर आले तर रक्त सांडेल, अशी आमची पोस्टात पैज होती. प्रत्यक्षात जे झालं ते त्याहून भयंकर होतं.

"या, या, गोडबोलेसाहेब! केवढा हा त्रास घेतलात!"

"छे, छे, त्रास कसला? आपल्यासारख्या कलावंताचं दर्शन..."

"आपण बसा ना."

"नाही, आपण आधी."

दोघेही उभेच राहिले. शेवटी वहिनींनी दोघांना बसायचा हुकूम सोडला.

गोडबोल्यांनी लुगडं सोडलं. फळ्यांच्या मधे नारन होता, दाबून धरलेल्या हसण्यासकट. कडांना चौकटीच्या खुणा होत्या.

"भिंतीवर लावलं होतं," गोडबोले खाली बघत म्हणाले. "दुकानात नाही, घरात. माझ्या खाटेसमोर."

"पण आपण तर लिहिलं होतंत, पेटीत ठेवायच्या लायकीचं नाही म्हणून."

"लिहिलं होतं." गोडबोल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चांगलं म्हटलं असतं तर तुम्ही परत मागितलं असतं. वाईट म्हटलं की कुणी मागत नाही. मला ते हवं होतं, कर्णिक. तुमच्यासारखं उलटं बोलायची सवय झाली होती, तिचा फायदा घेतला."

"तुमच्या त्या कार्डावरून मी काच घासली," कर्णिक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"तुमच्या कार्डात वाचलं. म्हणून तर स्वतः आलो."

आतमध्ये चहा उकळत होता. एका चोरलेल्या चित्रापायी दोन शहाण्या माणसांनी हे करून ठेवलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला शिव्या घालायचा हक्क उरला नव्हता. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं असावं.

लखमीबाईला बोलावणं गेलं. ती आली, पदराला हात पुसले, चित्र हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नाक त्याचाच हाय. हसते पण तसाच." आणि ते चौरंगावर ठेवून दिलं. "पण निला कशाला केला?"

"ते तसंच असतं," कर्णिक म्हणाले. "पक्का रंग आहे. सावलीत ठेवला तर जाणार नाही."

"मला नको निला."

"अगं, आकाश निळं असतं, देव निळा..." वहिनी समजूत घालायला लागल्या.

"पाण्यातून मानूस काढतात तवा तो असा दिसते," लखमीबाई म्हणाली. "माजे घरवाल्याला काढला तवा असाच होता. नारनला कोनी काढला पण नाय. मग तू त्याला निला कशाला दावते, भाय?"

कर्णिकांनी आयुष्यभर जो रंग अंगाखांद्यावर मिरवला, त्याच्याबद्दल सांगलीच्या गोडबोल्यांनीसुद्धा असं काही लिहिलेलं नव्हतं.

"तपकिरी करता येईल," गोडबोले हळूच म्हणाले. "धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात निळा रंग उतरवायचा आणि मग कोऱ्या चहात ठेवायचं. पण..." ते कर्णिकांकडे वळले. "मधे एक वेळ अशी येते की कागदावर काहीच राहत नाही. कधी परत येतं. कधी नाही."

"आणि काच नाही," कर्णिक म्हणाले.

"आणि काच नाही."

आधी करून बघायचं ठरलं. कर्णिक आत गेले आणि तलासरीच्या पुलाचं चित्र घेऊन आले. गोडबोले सोडून मंडळीतल्या सगळ्यांनी ज्याची स्तुती केली होती, असं ते त्यांचं एकुलतं एक चित्र. गोडबोल्यांनी सोड्यात बुडवलं आणि पूल गेला तो गेलाच. चहात घातलं तर कोरा कागद चहाच्या रंगाचा झाला. "आपल्या खात्याचे पूल असेच," कर्णिक म्हणाले. पण ते हसले नाहीत. सोडा जास्त झाला होता. दुसरं चित्र, एका ताडाचं, पातळ सोड्यात घातलं. तो ताड परत आला, जरा अशक्त, पण आला.

मग कर्णिक लखमीबाईसमोर पाटावर बसले आणि त्यांनी तिला सरळ सांगितलं. "हे बघ, निळा ठेवलास तर तुझ्या जन्माला पुरेल. तपकिरी करताना गेला तर माझ्याकडे दुसरा नाही. काच मी पुसली. कुणी सांगितलं म्हणून नाही, मीच पुसली. आता तू सांग."

गोडबोल्यांनी मान खाली घातली.

लखमीबाईने फारसा विचार केला नाही. "गेलाच हाय तो," ती म्हणाली. "कागद गेला तं गेला. घाल."

चित्र सोड्यात घातलं ते गोडबोल्यांनी. कर्णिकांनी आपले हात पाठीमागे धरले होते. निळा रंग कडेपासून सुटायला लागला. काठ्या गेल्या, जाळं गेलं, खांदे गेले. चेहरा तेवढा थोडा वेळ तग धरून राहिला, मग तोही पिवळट झाला आणि पाण्यातल्या कागदावर काही उरलं नाही. वहिनी उठून आत गेल्या. लखमीबाई मात्र परातीच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकून बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी कर्णिकांकडे पाहिलं. ते त्याहून वाईट होतं.

गोडबोल्यांनी कागद गोड्या पाण्यात खळबळला आणि चहाच्या परातीत सोडला. गडद, कोरा चहा.

"साखर नाय टाकत?" लखमीबाईने विचारलं.

"नाही," गोडबोले अगदी गंभीरपणे म्हणाले. "साखरेने चिकट होईल."

पुष्कळ वेळ काही झालं नाही. अंगणातलं ऊन सरकून पायरीवर आलं. मग कागदावर एक डाग दिसला. तो भुवईचा होता. मागून डोळा आला, मग नाक, मग ते दाबलेलं हसू. रंग होता काळसर तपकिरी, उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीचा असतो तसा. लखमीबाईने बोट चहात घालून त्याच्या गालाला लावलं. एरवी ओल्या चित्राला बोट लावणाऱ्याला कर्णिकांनी अंगणाबाहेर हाकललं असतं.

"हां," ती म्हणाली. "आता माजा हाय." आणि ती मोठ्याने रडली. होडी गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, असं तिच्या जावेने मागाहून सांगितलं.

चित्र वाळल्यावर ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडबोल्यांसाठी दोन ताजी पापलेटं आली. गोडबोल्यांनी सोवळ्या नजरेने त्यांना लांबूनच हात जोडले. कर्णिकांनी त्यांच्या वाटची दोन्ही खाल्ली, आणि गाडी सुटेपर्यंत दोघे एकमेकांशी किळस येईल इतक्या नम्रपणे बोलत होते. सुदैवाने आठवड्याभरात सांगलीचं कार्ड आलं: "आपल्या घरचा चहा चित्रांना बरा आहे. माणसांना देऊ नये." कर्णिक ते कार्ड घेऊन माझ्या खिडकीशी आले आणि मला म्हणाले, "पोस्टमास्तर, तुमच्या त्या शिक्क्यात शाई आहे, की आठवण म्हणून नुसता दाबता?" मला फार बरं वाटलं.

पुढे महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, सरहद्दीपर्यंतच्या रस्त्याचं काम वाढलं आणि कर्णिकांची बदली तलासरीला झाली. मीही बदलीवर दुसरीकडे गेलो. त्यानंतर एकदाच ते मला दिसले. उधव्याला एका लग्नाला गेलो होतो. परतताना सहज सरहद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर उतरलो. ट्रकांची रांग लागलेली होती. एका धाब्याच्या मागे, खाटेवर, कर्णिक काच आणि कागद दाबलेली चौकट मांडीवर घेऊन तिला ऊन देत बसले होते. केस पिकले होते. बोटं निळीही होती आणि तपकिरीही. समोर पाच-सहा ड्रायव्हर शिस्तीत उभे होते, सरकारी दवाखान्यात असतात तसे.

"यांचं काय चाललंय?" मी धाबेवाल्याला विचारलं.

"फोटू देतात," तो म्हणाला. "या खेपेला काढतात, पुढच्या खेपेला देतात. एक स्वतःला ठेवतात, एक ज्याचा त्याला. पण शिव्या फार घालतात."

कर्णिकांनी मला पाहिलं. ओळख दाखवायची म्हणून म्हणाले, "काय, अजून पोस्टातच? वाटलं होतं, एव्हाना कुठल्यातरी पार्सलात गेला असाल." आणि पुढच्या ड्रायव्हरकडे वळले. तो एक दाढीवाला, थोराड माणूस होता. त्याच्या हातात त्यांनी त्याचं चित्र ठेवलं, अजून दमट. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि विचारलं, "किती?"

"काही नाही. घरी नेऊन दे. आणि उन्हात नको ठेवू, मूर्खा."

तो हसला, ट्रकवर चढला आणि ते चित्र समोरच्या काचेला आतून टेकवून ठेवलं, तोंड बाहेर करून, भर उन्हात. ट्रक हलला. कर्णिक खाटेवरून उठले आणि धोतर सावरत त्याच्यामागे धावू लागले. धूळ उडत होती, नाक्यावरचे शिपाई बघत होते, आणि ते ओरडत होते, "अरे गाढवा! सावलीत! सावलीत ठेव त्याला!"